सिद्दीक मिस्त्रींनी ऐकलेली गाडी

आमच्या वरवंडात कुणी जुना ट्रॅक्टर विकत घ्यायला निघालं की पारावर बसलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "ऐकवला का?" बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं, ट्रॅक्टरला काहीतरी ऐकवायचं असेल, भजन किंवा शिव्या. तसं नाही. ट्रॅक्टर सिद्दीक मिस्त्रींना ऐकवायचा असतो.

पद्धत अशी की, गाडी त्यांच्या गॅरेजच्या दारात चालू करायची, मालकानं खाली उतरायचं आणि कुणी तोंड उघडायचं नाही. मिस्त्री दोन्ही हात पाठीमागं घेऊन गाडीभोवती एक फेरी मारत. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवत आणि मूठ कानाला लावत, एकदा इथं, एकदा तिथं. शेवटी "घ्या" म्हणत, नाहीतर "राहू द्या" म्हणत. त्याच्यापुढं खुलासा नाही. "राहू द्या" म्हटलेली गाडी पाटसपासून शिरूरपर्यंत कुणी घेत नसे, आणि "घ्या" म्हटलेल्या गाडीवर पुन्हा कुणी शंका काढत नसे. या कामाचा त्यांनी कधी एक रुपया घेतला नाही. चहा मात्र गाडीवाल्यानं पाजायचा.

माझं स्पेअर पार्टचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागून आहे. नाव म्हाळू, पण हायवेवर सगळे म्हाळूशेठ म्हणतात. मी तापट आहे हे आधीच सांगून टाकतो. गिऱ्हाईकानं नीट नाव न सांगता "ते तसलं वायसर द्या" म्हटलं की माझं डोकं फिरतं. मिस्त्री माझ्या अगदी उलट. तीस वर्षांत त्यांनी मला "म्हाळूशेठ, तुम्ही" सोडून दुसऱ्या शब्दानं हाक मारली नाही, आणि मीही त्यांना अहो-जाहोच करत आलो. वयानं ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, साठीच्या पुढचे.

त्यांचे वडील दौंडला रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. कोळशाच्या इंजिनांचा जमाना. लहानपणी मिस्त्री डबा घेऊन जात तेव्हा वडील त्यांना इंजिनाजवळ उभं करून डोळे मिटायला लावत आणि विचारत, हे दमलंय का सांग. तिथून त्यांना ती सवय लागली. इंजिनाचं निम्मं दुखणं श्वासाचं असतं, असं ते म्हणत. हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्यांच्या फिल्टरमध्ये पाचटाची धूळ आणि कारखान्याची काजळी गच्च बसते. ड्रायव्हर मंडळी फिल्टर काढून टायरवर आपटतात आणि परत बसवतात. ते दिसलं की एवढा शांत माणूस, पण हातातलं काम टाकून रस्त्यावर जायचा आणि ड्रायव्हरच्या हातातून फिल्टर काढून घ्यायचा.

गेल्या पौषात सत्यजीत आला. हा कोरेगाव भीमाचा मुलगा, वय सव्वीस-सत्तावीस. त्यांच्या जमिनीत कंपन्यांची गोदामं झाली, तेव्हापासून घरात बरं चाललंय. आजोळ आमच्या वरवंडचं, त्यामुळं गावातले सगळे बाप्ये त्याचे मामा. त्यानं मुंबईहून कुणाची तरी वापरलेली स्पोर्ट्‌स कार घेतली होती. दोन दारांची, पिवळीधमक, जमिनीपासून वीतभर उंच. आमच्या सर्व्हिस रोडचा स्पीड ब्रेकर ओलांडताना ती तिरकी करावी लागे. मला अशा गाड्यांचा मनापासून राग येतो. चार माणसं बसत नाहीत, पोतं मावत नाही, आणि रुबाब मात्र आमदाराचा.

सत्यजीतची तक्रार मजेशीर होती. गाडीला जास्त हवा मिळावी म्हणून त्यानं कंपनीचा फिल्टरचा बंद डबा काढून टाकला होता आणि इंटरनेटवरून मागवलेला उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवला होता. आवाज असा वाढला की रस्त्यावरच्या कोंबड्या उडायच्या. पण गाडी पूर्वीपेक्षा मंद झाली, त्यातही दुपारची जास्त. त्यानं सकाळी रिकाम्या रस्त्यावर मोबाइलवर वेळ लावून पाहिली होती. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसवरून ऐंशीवर जायला आधीपेक्षा जास्त सेकंद लागत होते. पैसे घालून गाडी हळू करून घेणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि ते मी त्याला तोंडावर सांगितलं.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. फिल्टर रेडिएटरच्या मागं, इंजिनाच्या अंगाला चिकटून बसला होता. त्यांनी मला शेजारच्या दूध डेअरीतून थर्मामीटर आणायला लावलं. गाडी पाटसपर्यंत पळवून आणली आणि थर्मामीटर फिल्टरशेजारी धरलं. बाहेर हवा एकोणतीस अंश, फिल्टरपाशी साठच्या वर. मिस्त्री म्हणाले की ताटात भात जास्त वाढलाय, पण तो नुसता फुगलेला आहे, पोटात जातोय तो थोडाच. गरम हवा विरळ असते. इंजिनाला तोंड मोठं करून दिलं आणि समोर चूल ठेवली. आमच्या ट्रकांच्या हवेचं तोंड केबिनच्या मागं उंचावर का असतं, हे सत्यजीतला त्यांनी समोरचा ट्रक दाखवून समजावलं. तिथं हवा गार आणि धूळ कमी.

पुढचे चार दिवस मी दुकानात कमी आणि गॅरेजमध्ये जास्त होतो. मिस्त्रींनी आधी पुठ्ठ्याचा साचा कापला, तो बॉनेटखाली वीस वेळा बसवून पाहिला, मग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा डबा केला. फिल्टर त्या डब्यात कोंडला. झाकणाच्या काठाला एस.टी.च्या खिडकीला असतं तसलं रबर लावलं, म्हणजे बॉनेट बंद झालं की इंजिनाची गरम हवा आत शिरायला नको. पुढच्या बंपरमध्ये डाव्या बाजूला दिव्यासाठी सोडलेली एक रिकामी जागा होती. तिथून तीन इंची नळी डब्यापर्यंत आणली. मी म्हटलं, आणखी खाली घ्या, गार हवा मिळेल. मिस्त्रींनी मान हलवली. शेताचं पाणी रस्त्यावर आलेलं असतं, गाडीनं ते ओढलं तर इंजिन जागेवर बसेल. नळीच्या तोंडाला त्यांनी बारीक जाळी बसवली. एवढं करताना थ्रॉटलही उतरवला. थ्रॉटल म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप. ती पेट्रोलनं धुतली, तिच्यामागच्या सांध्यात हवा गळू नये म्हणून घातलेलं पॅकिंग जुनं झालं होतं, म्हणून पॅकिंगच्या कागदातून नवं स्वतःच्या हातानं कापलं. विकतचं पॅकिंग त्यांना कधीच पसंत पडत नाही, आणि ते मी विकतो म्हणून मला दर वेळी राग येतो.

पाचव्या दिवशी सकाळी गाडी ऐकायची वेळ आली. सत्यजीतनं चालू केली आणि खाली उतरला. सगळे गप्प. आणि मला एक शिट्टी ऐकू आली. बारीक, सलग, कुकरच्या झाकणाखालून वाफ निसटते तशी. मिस्त्रींनी फेरी मारली. स्क्रूड्रायव्हर इंजिनवर टेकवला आणि त्याची मूठ दातांत धरली.

हे मला सांगितलं पाहिजे. गेली दोन वर्षं ते मूठ कानाला न लावता दातांत धरत होते. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, दातानं जास्त कळतं. मला ते खरं वाटलं. एवढ्या जाणत्या माणसानं नवी युक्ती काढली असेल, आपल्याला काय कळतंय, असं वाटलं.

मिस्त्री सरळ झाले, हात पुसले आणि म्हणाले, "घ्या. कुठं गळत न्हाई."

मी त्यांच्याकडं पाहतच राहिलो. अमीरबी भाभी, म्हणजे मिस्त्रींची बायको, चहाची किटली घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी बॉनेटकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी नजर खाली घातली. मनात म्हटलं, नव्या पद्धतीचं काम आहे, असाच आवाज असेल. मिस्त्री म्हणतायत ना. खरं सांगायचं तर मला आतून कळलं होतं, आणि ते कळलेलं मला नको होतं. सत्यजीतला तर शंकाही आली नाही. तो खूश होऊन निघून गेला, आणि वळणापलीकडं गाडी दिसेनाशी झाल्यावरही शिट्टी मला ऐकू येत राहिली.

गुरुवारी तो परत आला. मिस्त्री ट्रॅक्टरखाली होते. हा बाहेरूनच सांगत सुटला. गाडी झकास झालीय, उन्हातसुद्धा मरगळत नाही. एक पिवळा दिवा लागलाय डॅशबोर्डवर, आणि उभी असताना गाडी आपोआप वर-खाली होते, पण ते पेट्रोल खराब असेल. मग तो वाकून ट्रॅक्टरखाली बघत मोठ्यानं म्हणाला, "मामा, ती शिट्टी लय भारी बसवली तुम्ही. शिरूरचे दोघं जण मागं लागलेत, आमच्या गाडीला पण तसली शिट्टी करून द्या म्हणून."

मिस्त्री ट्रॅक्टरखालून सरपटत बाहेर आले. "कसली शिट्टी?"

सत्यजीतला वाटलं मामा गंमत करतायत. तो हसला. कुणीच हसेना तेव्हा थांबला. मिस्त्रींनी त्याला गाडी चालू करायला लावली आणि बॉनेटसमोर उभे राहिले. शिट्टी आता आणखी वाढली होती. रस्त्यापलीकडच्या रसवंतीवाल्यानं मान वर करून पाहिलं. मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढली, डावा कान इंजिनाजवळ नेला, मग उजवा. मग स्क्रूड्रायव्हर दातांत धरला. इंजिनाचा धडधडाट दातांतून कळत असेल, ती बारीक शिट्टी कशी कळणार. बराच वेळ ते तसेच वाकून होते. नंतर माझ्याकडं वळले.

"म्हाळूशेठ, येतीय?"

"येतीय."

"त्या दिवशी पण येत हुती?"

"व्हय."

"आन् तू गप बसलास."

तीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अरे-तुरे केलं. मी एरवी कुणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी ऐकून घेतलं. मला भयंकर लाज वाटली. सत्यजीत बिचारा अजून कोड्यात होता. त्यानं तर शिट्टी ऐकली होती, त्याला ती आवडलीही होती. मिस्त्रींनी "कुठं गळत न्हाई" म्हटलं म्हणजे शिट्टी मुद्दाम बसवलेली, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. आमच्याकडं त्यांच्या शब्दाला किती मान होता ते यावरून ओळखा. स्वतःचा कान आणि मिस्त्रींचा शब्द यांत लोक मिस्त्रींचा शब्द धरत होते.

अमीरबी भाभींनी इतक्यात सांगून टाकलं. मागच्याच्या मागच्या रमजानपासून मिस्त्रींना पहाटेची अजान ऐकू येत नाही. भाभी हलवून उठवतात. घरात ओरडून बोलावं लागतं, तर ते म्हणतात, तुझा स्वभाव चिडका झालाय. डॉक्टरकडं चला म्हटलं तर दोन दिवस जेवले नाहीत. हे सगळं त्या ऊद फिरवता फिरवता बोलत होत्या. दर गुरुवारी दिवेलागणीला त्या निखाऱ्यावर ऊद टाकून गॅरेजभर धूर फिरवतात. कुणाच्याही गाडीवर, कुणाच्याही धंद्यावर, माझ्या दुकानात सुद्धा. बोलण्याच्या भरात त्या चालू गाडीपाशी आल्या, आणि धूर वाकला.

तो सरळ वर जायचा सोडून बॉनेटखाली वळला आणि एका फटीत नाहीसा झाला. मिस्त्रींनी ते पाहिलं. त्यांनी भाभींच्या हातातून ऊददाणी घेतली. पेट्रोलच्या गाडीजवळ निखारा, माझा जीव उडाला. मी वाळूची बादली घेऊन शेजारी उभा राहिलो आणि पाच मिनिटं शिव्या देत राहिलो, ज्या त्यांना ऐकू येत नव्हत्या. ते धूर डब्यावरून नेत गेले, डबा पक्का होता. नळीवरून नेला, सांध्यांवरून नेला, सगळीकडं धूर सरळ. थ्रॉटलपाशी आला की आत ओढला जायचा. गाडी बंद करून त्यांनी थ्रॉटल उतरवला. त्यांनीच कापलेल्या पॅकिंगचा एक कोपरा बसवताना दुमडला होता, नखाएवढा. तेवढ्यातून इंजिन चोरून हवा घेत होतं. गाडीतला हवा मोजणारा सेन्सर त्याच्या अलीकडं असतो. त्याला ती हवा दिसत नव्हती, म्हणून हिशेब चुकून दिवा लागला होता.

पूर्वी असलं गळणं ते फेरी मारतानाच सांगायचे. नवं पॅकिंग कापून बसवलं. गाडी चालू केली तेव्हा आम्ही तिघंही शिट्टी गेली म्हणालो. त्यांनी आमच्यावर विश्वास ठेवला नाही आणि तो त्यांचा हक्क होता. पुन्हा धूर फिरवला. तो सगळीकडं सरळ वर गेला तेव्हा त्यांनी बॉनेट लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यजीतनं वेळ लावून पाहिली. उघड्या फिल्टरपेक्षा सव्वा सेकंद कमी, आणि दुपारीही तेवढाच वेळ. सव्वा सेकंदासाठी चार माणसांचा आठवडा गेला, असं मी म्हणणार होतो, तेवढ्यात मिस्त्रींच्या हाताकडं लक्ष गेलं.

ते बोटांवर मोजत होते. मागच्याच्या मागच्या रमजाननंतर किती गाड्या ऐकून "घ्या" म्हटलं. अकरा भरल्या. एकेकाचं नाव, गाव, गाडीचा रंग त्यांना पाठ. मग ते सत्यजीतला म्हणाले, तुझ्या कामाचं मला काही देऊ नको, दोन दिवस तुझी गाडी आणि तू दे. मला या अकरा जणांकडं जायचंय.

मी विरोध केला. कुणी तक्रार केलेली नाही, कशाला आपण होऊन नाव घालवता, हे मी तीन वेळा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडून. त्यांना ऐकू गेलं.

"उद्या कुणी ट्रॅक्टर घिऊन आला, तर मी काय करू?" ते म्हणाले. "परत स्क्रूड्रायव्हर दातात धरून हुभा राहू?"

मी दुकान बंद केलं आणि त्यांच्याबरोबर निघालो. त्या गाडीच्या मागच्या जागेत शाळेचं दप्तर जेमतेम बसावं, तिथं मी बसलो. गुडघे छातीशी घेऊन मी दौंड आणि शिरूर तालुक्यांतले सगळे खड्डे मोजले. पिवळी गाडी वस्तीवर आली की पोरं धावत यायची, आणि तिच्यातून पांढऱ्या दाढीचे मिस्त्री कण्हत उतरायचे. गाडीवाल्याला बाजूला न घेता, अंगणात जो कुणी असेल त्याच्यासमोर ते सांगायचे की तुमची गाडी ऐकली तेव्हा माझे कान गेलेले होते, मी ते लपवलं, आता गाडीत काही खोट असेल तर मी भरून देईन. पाटसचा एक जण नुसता हसला. त्याचा ट्रॅक्टर उत्तम चालला होता. एकानं चुकून "घ्या" म्हणालात ते बरंच झालं, म्हणून जेवायला बसवलं. एकानं गाडी विकलीही होती. दहा ठिकाणी असंच झालं. दर ठिकाणी मिस्त्री थोडे सैल होत गेले. पारगावचा पूल ओलांडताना मला वाटलं, हा माणूस यातून सुखरूप सुटणार.

अकरावं घर न्हावऱ्याच्या पलीकडं एका वस्तीवर होतं, कस्तुराबाईंचं. बाई सत्तरीच्या, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. मुलगा रविराज शेती बघतो. बाईंनीच दीड वर्षापूर्वी ट्रॅक्टर पाहायला जाताना हट्ट धरला होता की वरवंडच्या मिस्त्रींना ऐकवल्याशिवाय घ्यायचा नाही. आम्ही गेलो तेव्हा त्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मिस्त्रींनी समोर उभं राहून आपलं सगळं सांगितलं. कस्तुराबाईंचे हात थांबले.

रविराज म्हणाला, ट्रॅक्टर एकदम ओके हाय, काही काळजी करू नका. बाईंनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. त्या मिस्त्रींना म्हणाल्या, "तो आवाज करतो. पहिल्या दिवसापासनं."

रविराज ओशाळून हसला. आईच्या कानाचं जरा तसंच आहे, असं त्यानं मला हळूच सांगितलं. तिला नसलेले आवाज येतात. शिरूरला डॉक्टरला दोनदा दाखवलं, थेंब चालू आहेत.

मिस्त्रींनी ते ओठांवरून ओळखलं असावं. ते बाईंच्या पुढ्यात खाली बसले. कसा आवाज, म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, जात्यात खडा आल्यावाणी. कायम? न्हाई, ट्रॉली भरलेली असली की, तिसऱ्या गिअरला. क्लच दाबला की? क्लच दाबला की थांबतो. त्यांना गिअर म्हणजे काय हे कुणी शिकवलेलं नव्हतं. मडगार्डवर बसून शेतात येता-जाता दीड वर्ष त्या ऐकत होत्या, रविराजचा हात कुठं जातो आणि पाय कुठं पडतो ते बघत होत्या. मिस्त्री त्यांच्या तोंडाकडं डोळे लावून एकेक प्रश्न विचारत राहिले, आणि बाईंनी एकाही प्रश्नाला "ठाऊक न्हाई" म्हटलं नाही.

मिस्त्री उठले. रविराजकडून पाना मागून घेतला आणि गिअरबॉक्सचा खालचा नट सैल करून चूळभर तेल तळहातावर घेतलं. उन्हात धरलं. तेलात चांदीसारखी चुरी चमकत होती. बेअरिंग खाल्लं गेलं होतं. आणखी एक हंगाम काढला असता तर भर ओझ्यात गिअरबॉक्स फुटला असता. ते रविराजला म्हणाले की उद्या ट्रॅक्टर वरवंडला आण, काम माझ्याकडून. रविराज त्या तेलाकडं बघत उभा राहिला.

कस्तुराबाई ओट्यावरून उतरून जवळ आल्या. त्यांनीही तेल पाहिलं. मग विचारलं, "मंग माझं कान?"

"चांगलं हायत," मिस्त्री म्हणाले.

नंतर बाई जे बोलल्या ते आम्हाला कुणाला उद्देशून नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी आवाज सांगितला, तेव्हा घरातले म्हणाले, मिस्त्रींनी ऐकलाय, तुला काय कळतंय. त्यांनाही वाटलं, खरंच की, मिस्त्रींनी ऐकलाय. म्हणजे आपलाच कान बिघडला. मग रात्री कुत्रं भुंकलं तरी त्या आधी सुनेला विचारायच्या, भुंकलं का गं. पुढं घरातले त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी बोलायला लागले, म्हातारीला कुठं ऐकू जातंय म्हणून. सगळं ऐकू येत होतं. पण येतं असं म्हणायची सोय राहिली नव्हती.

मिस्त्रींनी तेलाचा हात तसाच पुढं धरला होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि दुसऱ्या हातात पाना होता, त्यामुळं पुसायला हात रिकामा नव्हता. मीच माझा रुमाल दिला.

"तुमी जे बोलला, ते परत म्हणा," कस्तुराबाई म्हणाल्या. "सगळ्यांपुढं."

त्यांनी सुलक्षणाला, सुनेला, आतून बोलावून घेतलं. शेजारच्या वस्तीवरचे दोघं बांधावर उभे होते, त्यांनाही बोलावलं. रविराजला म्हणाल्या, तू पण समोर ये, मागं उभा राहू नको. सगळे येईपर्यंत मिस्त्री थांबले. त्यांनी हात पुसला, टोपी सारखी केली. आपला आवाज किती मोठा होतो हे त्यांना आता कळत नाही, त्यामुळं ते वस्तीभर ऐकू जाईल असं बोलले.

"कस्तुराबाईंचा कान शाबूत हाय. त्यांनी पहिल्या दिवशी ऐकलं, ते खरं हुतं. बहिरा मी हाय, आन् मी खोटं बोललो."

सुलक्षणानं पदर सारखा केला आणि सासूकडं पाहिलं. कस्तुराबाईंनी शेंगांचं सूप उचलून तिच्या हातात दिलं.

"ऐकलंस ना?" त्या म्हणाल्या. "आता च्या टाक."